लहरींपासून अंकांकडे

एखादी वार्ता सर्वांना एकाच वेळी कळावी, ही मानवाची फार पुरातन इच्छा आहे. त्यासाठी कधी नगारा वाजला, कधी गडावर तोफ उडाली, तर कधी गावोगाव दवंडी पिटली गेली. परंतु दवंडी पिटणाऱ्याचा आवाज जेथवर पोहोचे, तेथेच वार्तेची वेस संपे. विसाव्या शतकाच्या आरंभी विद्युतचुंबकीय लहरींच्या साहाय्याने मानवी आवाज दूरवर धाडण्याची विद्या हस्तगत झाली आणि ही वेस मोडून पडली. मात्र त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. हा आवाज कोणासाठी? जो मोठे यंत्र विकत घेऊ शकेल त्याच्यासाठी, की सर्वांसाठी? इंग्लंडमधील ‘बीबीसी’ या सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेच्या तंत्रज्ञांनी गेल्या शंभर वर्षांत जे जे केले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

ऑक्टोबर १९२२ मध्ये नभोवाणीयंत्रे बनविणाऱ्या काही कारखानदारांनी एकत्र येऊन ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी लंडनच्या केंद्रावरून तिचे दैनंदिन कार्यक्रम सुरू झाले. श्रोत्यांनी वर्षाला १० शिलिंग भरून परवाना घ्यावा, अशी व्यवस्था होती. पुढे १ जानेवारी १९२७ रोजी राजाच्या सनदेने ती सार्वजनिक महामंडळ बनली. तिचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांनी माहिती, शिक्षण आणि मनोरंजन ही तीन उद्दिष्टे संस्थेपुढे ठेवली. ज्या संस्थेचा खर्च घरोघरच्या वर्गणीतून चालतो, तिने प्रत्येक घरापर्यंत पोहोचले पाहिजे, हे त्यातून ओघानेच आले. हे काम कवी, गायक वा वक्ते यांच्या हातचे नव्हते. ते अभियंत्यांचे काम होते.

त्या काळी गरीब माणसाकडे स्फटिकयंत्र असे. त्याला वीज लागत नसे. एक स्फटिक, तारेचे वेटोळे आणि कानाला लावायचे श्रवणयंत्र एवढ्यावर ते चाले. पण ते केंद्राच्या जवळपासच ऐकू येई. शहरापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. संस्थेचे पहिले मुख्य अभियंता पीटर एकर्स्ली यांनी यावर उपाय शोधला. २७ जुलै १९२५ रोजी देशाच्या मध्यभागी, डॅव्हेंट्री या गावाजवळच्या टेकडीवर २५ किलोवॅट शक्तीचे दीर्घलहरी प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. दीर्घ लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. त्यामुळे खेड्यापाड्यांतील हजारो घरे प्रथमच या ध्वनीच्या कक्षेत आली. श्रोत्याला मोठे यंत्र घ्यावयास न लावता संस्थेने आपलेच केंद्र बलवान केले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आवाजामागोमाग चित्र आले. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले. त्या वेळी दोन पद्धती स्पर्धेत होत्या. जॉन बेअर्ड यांच्या पद्धतीत चित्र २४० रेषांनी बने, तर मार्कोनी-ईएमआय यांच्या पद्धतीत ४०५ रेषांनी. संस्थेने दोन्ही पद्धती आलटूनपालटून वापरून पाहिल्या आणि १९३७ च्या आरंभी अधिक सुस्पष्ट अशी दुसरी पद्धत पत्करली. बेअर्ड हे दूरचित्रवाणीच्या जनकांपैकी एक. तरीही निवड नावाकडे पाहून झाली नाही, प्रयोगाकडे पाहून झाली. महायुद्धामुळे १ सप्टेंबर १९३९ रोजी हे प्रक्षेपण थांबले, ते जून १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाले. १९६७ मध्ये चित्रांना रंगही लाभला.

तोवर ध्वनी आणि चित्र दोन्ही लहरींच्याच रूपाने प्रवास करीत होते. या पद्धतीत एक उणीव होती. वाटेत प्रत्येक टप्प्यावर लहरींत थोडी थोडी खरखर मिसळे आणि शेवटच्या श्रोत्याला ती सर्व ऐकावी लागे. एखाद्या चित्रावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे असे हाताने काढीत गेल्यास शंभरावे चित्र मूळ चित्राहून अगदी निराळे दिसेल, तसाच हा प्रकार होता. परंतु चित्राऐवजी कागदावर ‘९’ हा अंक लिहिला, तर काय होईल? शंभर जणांनी शंभर वळणांनी तो उतरवला, तरी तो नऊच राहील! अंकीय तंत्रज्ञानाचे, म्हणजे ज्याला आज ‘डिजिटल’ म्हणतात त्याचे, सारे रहस्य यात आहे. ध्वनिलहरीची उंची क्षणोक्षणी मोजावयाची आणि ती मोजमापे केवळ शून्य व एक या दोन चिन्हांत लिहून धाडावयाची. पलीकडच्या यंत्राला एवढेच ओळखावे लागते की, आलेले चिन्ह शून्य आहे की एक. मधली खरखर आपोआप गळून पडते. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७२ पासून लंडनहून दूरच्या प्रक्षेपण केंद्रांकडे ध्वनी नेण्यासाठी ही पद्धत वापरली. त्यात लहरीची उंची दर सेकंदाला ३२,००० वेळा मोजली जाई. श्रोत्यांना यातले काहीच दिसले नाही. दूरच्या गावीही संगीत स्वच्छ ऐकू येऊ लागले, एवढेच त्यांना जाणवले.

याच सुमारास दुसरे एक संशोधन चालू होते. ज्यांना ऐकू येत नाही, अशा प्रेक्षकांना दूरचित्रवाणीवरील संवाद पडद्यावर लिहून दाखविता येतील काय, याचा विचार अभियंते करीत होते. दूरचित्रवाणीच्या ६२५ रेषांपैकी काही रेषा पडद्यावर दिसतच नाहीत. त्या रिकाम्या जातात. वहीच्या समासात टिपणे लिहावीत, त्याप्रमाणे या रिकाम्या रेषांत अंकांच्या रूपाने अक्षरे भरण्याची युक्ती त्यांना सुचली. तिच्यातून ‘सीफॅक्स’ ही सेवा जन्मास आली. २३ सप्टेंबर १९७४ रोजी ती सुरू झाली, तेव्हा तिची अवघी ३० पृष्ठे होती. प्रेक्षकाने पृष्ठाचा क्रमांक दाबला की बातम्या, हवामान, खेळांचे निकाल पडद्यावर उमटत. ८८८ क्रमांकाच्या पृष्ठावर संवादांची अक्षरे मिळत आणि बहिऱ्या माणसालाही कुटुंबात बसून नाटक पाहण्याचा आनंद घेता येई. थोड्यांसाठी शोधलेली वाट पुढे लक्षावधींची झाली. देशातील जुने लहरीय दूरचित्रवाणी प्रक्षेपण संपले, तेव्हा ऑक्टोबर २०१२ मध्ये ही सेवाही थांबली.

आता संगणकाचे युग उजाडत होते. येत्या काळात संगणक न समजणारा मनुष्य निरक्षरासारखा मागे पडेल, असे संस्थेच्या शिक्षण विभागाला वाटले. म्हणून तिने जनतेला संगणक शिकविणारी एक कार्यक्रममालिका आखली आणि सोबत एक स्वस्त, मजबूत संगणकही असावा असे ठरविले. केंब्रिजच्या एकॉर्न या लहानशा कंपनीने तो तयार केला. ‘बीबीसी मायक्रो’ या नावाचा हा संगणक डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला आणि जानेवारी १९८२ मध्ये मालिका सुरू झाली. सुमारे १२,००० संगणक खपतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात १५ लाखांच्या आसपास खपले. शाळाशाळांतून मुले स्वतः आज्ञावली लिहू लागली. याच संगणकाचे शिल्पकार सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे ‘आर्म’ नावाची अल्प विजेवर चालणारी संस्कारकाची रचना केली. आज बहुतेक सर्व भ्रमणध्वनींचे काम त्याच कुळातील संस्कारकांवर चालते.

यशाच्या या परंपरेत एक धडा मात्र कठोरपणे शिकावा लागला. इ. स. १०८६ मध्ये राजा विल्यम याने इंग्लंडमधील गावांची व जमिनींची पाहणी करून ‘डूम्सडे बुक’ नावाची नोंदवही बनविली होती. तिला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी पाहणी प्रसिद्ध केली. देशाचे ४ किलोमीटर लांब व ३ किलोमीटर रुंद असे तुकडे पाडून हजारो शाळांतील मुलांनी आपापल्या परिसराची वर्णने लिहिली, छायाचित्रे काढली. दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. ही सर्व माहिती प्रकाशकिरणांनी वाचल्या जाणाऱ्या चकत्यांवर साठविली गेली. परंतु त्या वाचण्याची सामग्री इतकी महाग होती की, ज्या शाळांनी ती माहिती गोळा केली, त्यांतील अनेकींना ती विकत घेता आली नाही. पुढे ती यंत्रे बनेनाशी झाली. अवघ्या १६ वर्षांत, २००२ च्या सुमारास, या चकत्या वाचणारे यंत्र मिळणे दुर्मिळ झाले. आणि चर्मपत्रावरचा ९०० वर्षांपूर्वीचा ग्रंथ मात्र जाणकाराला अजून वाचता येत होता! जुन्या यंत्राची नक्कल आधुनिक संगणकावर करून संशोधकांनी ती माहिती वाचविली आणि २०११ मध्ये मुलांचे लेखन इंटरनेटवर सर्वांना खुले झाले. माहिती नुसती साठवून भागत नाही. तिला नव्या यंत्रांत वेळोवेळी उतरवून घ्यावे लागते, हे यावरून कळून आले.

नोव्हेंबर १९९७ मध्ये संस्थेचे बातम्यांचे संकेतस्थळ सुरू झाले. २५ डिसेंबर २००७ पासून ‘आयप्लेअर’ नावाची सेवा रीतसर सुरू झाली आणि होऊन गेलेले कार्यक्रमही सवडीने पाहता येऊ लागले. प्रेक्षकाने कार्यक्रमाची वाट पाहण्याऐवजी कार्यक्रमच प्रेक्षकाची वाट पाहू लागला. ही सोय करणे अभियंत्यांना सोपे नव्हते. प्रक्षेपण केंद्रातून निघालेली लहर दहा जणांनी झेलली काय किंवा दहा लाखांनी झेलली काय, केंद्राचे श्रम तेवढेच. इंटरनेटवर मात्र प्रत्येक प्रेक्षकाला निराळा प्रवाह पुरवावा लागतो. सार्वजनिक पाणवठ्याऐवजी घरोघर नळ देण्यासारखेच हे काम. लंडनच्या २०१२ सालच्या ऑलिंपिक स्पर्धांच्या वेळी संस्थेने एकाच वेळी २४ प्रवाह चालवून निरनिराळे खेळ दाखविले.

परंतु त्यानंतर वर्षभरातच एक मोठे अपयश पदरी आले. ध्वनिचित्रफितींचा वापर बंद करून सर्व कार्यक्रमांची निर्मिती व साठवण संगणकांवर करावी, अशी एक योजना २००८ मध्ये हाती घेतली गेली होती. काम प्रथम बाहेरच्या कंपनीकडे होते. मग संस्थेने ते स्वतःकडे घेतले. तरीही ते तडीस गेले नाही. मे २०१३ मध्ये योजना सोडून द्यावी लागली आणि जनतेचे सुमारे ९ कोटी ८० लाख पौंड वाया गेले. संसदेच्या समितीने याची कसून चौकशी केली. यंत्रे उत्तम असली म्हणजे काम उत्तम होतेच असे नाही. ते कोणाला, कसे व केव्हा उपयोगी पडावयाचे, यावर कोणाची तरी सतत देखरेख हवी. लोकांचा पैसा खर्च करणाऱ्याला हिशेबही लोकांनाच द्यावा लागतो.

मराठी भाषेचाही या इतिहासाशी संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, बीबीसीचे मराठी प्रक्षेपण लघुलहरींवरून सुरू झाले. सात समुद्रांपलीकडून येणारे ते मराठी शब्द ऐकण्यासाठी नभोवाणीयंत्राची सुई हलक्या हाताने फिरवावी लागे. १९५८ मध्ये ते बंद पडले. २ ऑक्टोबर २०१७ रोजी मराठी सेवेचा पुन्हा आरंभ झाला, तो लहरींवर नव्हे, तर इंटरनेटवर. एका भाषेच्या या दोन आरंभांमध्ये तंत्रज्ञानाची सारी वाटचाल सामावलेली आहे.

१९८० च्या दशकातील संगणक-शिक्षणाचा वसाही संस्थेने सोडला नाही. २०१६ मध्ये तिने अनेक सहकाऱ्यांच्या मदतीने ‘मायक्रो:बिट’ नावाचा तळहातावर मावणारा संगणक ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या मुलांना विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. सुमारे दहा लाख मुलांना तो मिळावा अशी योजना होती. त्यावर २५ लहान दिवे आणि दोन कळा आहेत. दिवा कधी लागावा आणि कधी विझावा, हे मात्र मुलाने स्वतः ठरवावयाचे असते.

अशा रीतीने बलवान दीर्घलहरी, अदृश्य रेषांतील अक्षरे, शाळेतील संगणक आणि इंटरनेटवरील प्रवाह ही सर्व एकाच कुळातील भावंडे ठरतात. आज पुन्हा जुना प्रश्न समोर आहे. उद्या सारे कार्यक्रम केवळ इंटरनेटवरून येऊ लागले, तर ज्या वृद्धाला नवे यंत्र हाताळता येत नाही, किंवा ज्या घराला इंटरनेटचा खर्च झेपत नाही, त्यांचे काय? डॅव्हेंट्रीच्या टेकडीवर उत्तुंग मनोरे उभारणाऱ्यांनी आपल्या काळापुरते त्याचे उत्तर दिले होते. नव्या काळाचे उत्तर नव्या अभियंत्यांना शोधावयाचे आहे, आणि कदाचित ते आज एखाद्या शाळेच्या बाकावर बसून पंचवीस दिव्यांशी खेळत असतील.