फोनवरचा आवाज आणि त्याची मूळ प्रत

पिंपरी-चिंचवड महापालिकेची ‘सारथी’ हेल्पलाइन २०१३ साली, डॉ. श्रीकर परदेशी आयुक्त असताना सुरू झाली आणि नागरिकांची तक्रार फोनवरून नोंदवली जाऊ लागली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले. तिथेही पहिली खबर बहुधा फोनवरच येते. चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांचे नगांचे आकडे आणि गाडी सुटण्याच्या वेळाही अनेकदा आधी तोंडी ठरतात, कागद मागून येतो. अशा पट्ट्यात रेकॉर्ड केलेला कॉल हा दस्तऐवजच असतो. तो एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणे हे किरकोळ काम समजले जाते, पण त्यात दस्तऐवजाचा काही भाग कायमचा जाऊ शकतो. म्हणून रूपांतर नेहमी प्रतीचे करावे. मूळ फाइलला हात लावू नये.

दूरध्वनीचा डिजिटल आवाज जी.७११ या १९७२च्या मानकावर उभा आहे. सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. याचे दोन प्रकार आहेत: भारत आणि युरोपात ए-लॉ, अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ. कॉल रेकॉर्डिंगची कच्ची फाइल बहुतेकदा हेडरशिवाय असते, त्यामुळे ती कोणत्या प्रकारची आहे हे संगणकाला कळत नाही आणि चुकीचा प्रकार निवडला की आवाज फाटतो. जाणकार तंत्रज्ञ अशा वेळी फाइलमधले बाइट उघडून शांततेची जागा पाहतो. तिथे ‘डी५’ किंवा ‘५५’ दिसले तर ए-लॉ, ‘एफएफ’ किंवा ‘७एफ’ दिसले तर म्यू-लॉ. ‘सॉक्स’ किंवा ‘एफएफएमपेग’ या मोफत साधनांनी ए-लॉची १६ बिटांची वेव्ह फाइल केली, तर आकार दुप्पट होतो, पण काहीही हरवत नाही. जीएसएम कोडेकचे, म्हणजे आवाज आक्रसून लिहिण्याच्या पद्धतीचे, तसे नाही. तो २० मिलिसेकंदांतले १६० नमुने घेऊन त्यांचे वर्णन २६० बिटांत लिहितो. उलट रूपांतर केल्यावर मिळतो तो त्या वर्णनावरून पुन्हा रचलेला आवाज.

हानी कुठे होते, ते मराठी अंकांत नेमके दिसते. जुन्या फोनची वाट ३०० ते ३,४०० हर्ट्झएवढीच. ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो, म्हणून ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक फोनवर आधीच पुसट झालेला असतो. त्यावर जीएसएम, मग व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजसाठी ओपस, शेवटी एमपी३ असे थर चढले की उरलासुरला फरकही धूसर होतो. पुरवठादाराच्या हिशेबात साठ नग आणि आठ नग यांत केवढे अंतर आहे, हे सांगायला नको.

मूळ फाइली साठवायला जागा कुठून आणायची, असा आक्षेप येतो. ए-लॉचा एक तास २८.८ मेगाबाइट भरतो. हजार तास ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतात. जीएसएममध्ये तोच तास सहा मेगाबाइटच्या आत बसतो हे खरे, आणि रोजच्या ऐकण्यासाठी ती प्रत जरूर वापरावी. दुसरा आक्षेप असा की आता कृत्रिम बुद्धिमत्ता खराब आवाज सुधारते. ती आवाज कानाला सुखद करते, पण फाइलमध्ये नसलेला ‘स’ ती अंदाजानेच घालते. ८ किलोहर्ट्झची फाइल १६ वर नेल्यानेही नवी माहिती येत नाही. ऐकायला अंदाज चालेल. पुरावा म्हणून चालणार नाही.

कायद्याचा रोखही मूळ प्रतीकडेच आहे. जालन्याच्या निवडणूक वादातून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की मूळ उपकरणच सादर केले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही, प्रत सादर केली तर लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही (तिच्या बाइटांवरून काढलेला ठसा) द्यावे लागते, आणि रूपांतराने एक बाइट बदलला तरी ते मूल्य बदलते. म्हणून कार्यालयांनी आणि कारखान्यांनी एवढे तरी करावे: कॉल येईल त्या फॉरमॅटमध्ये जसाच्या तसा ठेवावा, त्याच दिवशी हॅश नोंदवावा, कोडेकचे नाव आणि नमुना-दर (सेकंदाला किती नमुने) फाइलच्या नावातच लिहावा, आणि पुढची सारी रूपांतरे प्रतीवर करावीत.