शनिवारी दुपारी सुटलेली गिरणी आणि फुटबॉल

फुटबॉलच्या जन्माची गोष्ट आपल्याकडे साधारण अशी सांगतात: इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या शाळांनी हा खेळ घडवला आणि मग तो हळूहळू कामगारवस्त्यांत झिरपला. नियमांपुरतं यात बरंच तथ्य आहे. ईटन, हॅरो, रग्बी अशा प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा होता. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लब एकत्र बसले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. चेंडू हातात घेऊन धावायचं का, समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायची मुभा ठेवायची का, यावर पुढच्या बैठकांत कडाक्याचा वाद झाला आणि ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला.

पण खेळ त्याच्या कितीतरी आधीपासून होता. सणावाराला गावाचे दोन तट पडत आणि अख्खं गाव एका चेंडूमागे धावे. मैदानाला हद्द नव्हती, खेळाडूंची मोजदाद नव्हती. मग गायरानांना कुंपणं पडली, १८३५च्या हायवे कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर फुटबॉल खेळणाऱ्याला दंड लावला, आणि गिरणीत राबणाऱ्या माणसाला खेळायला ना जागा उरली ना दिवस. कारखानदारीने फुटबॉल वाढवला असं आपण सहज म्हणून जातो. पुष्कळ गावांत आधी तिने तो मोडला होता.

तो परत आला त्याचं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचीच चर्चा सगळ्यांत कमी होते. शनिवारी दुपारी तीनचा सामना ही इंग्रजांची जुनी परंपरा मानली जाते. प्रत्यक्षात ती कामगार कायद्यातून आलेली वेळ आहे. कामाचे तास कमी व्हावेत म्हणून कामगारांनी अनेक वर्षं चळवळ केली होती. १८५०च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायका आणि अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवणं बंधनकारक केलं. कायद्यात प्रौढ पुरुषांचा उल्लेख नव्हता. पण बायकापोरं निघून गेल्यावर नुसत्या पुरुषांच्या बळावर गिरणी चालत नसे, त्यामुळे तेही सुटत. पुढच्या काही दशकांत ही अर्धी सुटी इतर धंद्यांत पसरली. दोनला गिरणी सुटली की घरी जाऊन चार घास खायचे आणि तीनपर्यंत मैदान गाठायचं. रविवार चर्चचा, त्या दिवशी खेळाला मनाई. उरली ती शनिवारची दुपारच.

मुंबईच्या वाचकाला यात ओळखीचं काही सापडेल. इथल्या गिरण्यांत साप्ताहिक सुटीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना संघटित करून, सभा आणि अर्ज यांचा पाठपुरावा करून १८९०मध्ये रविवारची सुटी मिळवली. हिंदुस्थानातही फॅक्टरी कायदा हवा असा आग्रह धरणाऱ्यांत इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीमालक होते. मुंबईचा स्वस्त माल त्यांना जड जात होता. म्हणजे एकाच कापडधंद्याच्या दोन टोकांना कामगार आपल्या मालकीचा वेळ मागत होते. लँकेशायरमध्ये तो वेळ फुटबॉलच्या वाट्याला गेला.

त्याचं फळ ३१ मार्च १८८३ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर दिसलं. एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात एका बाजूला ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे ईटनचे माजी विद्यार्थी, आदल्या वर्षीचे विजेते. दुसऱ्या बाजूला लँकेशायरचा ब्लॅकबर्न ऑलिंपिक: त्यांत साचेवाले, एक सूत कातणारा, एक फाउंड्रीतला कामगार, आणि कप्तान आल्बर्ट वॉरबर्टन धंद्याने प्लंबर. फाउंड्रीचे मालक सिडनी येट्स यांनी पैसा पुरवला होता. संघातल्याच जॅक हंटरने सगळ्यांना आधी ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी नेऊन सराव करून घेतला होता. सामन्यासाठी तयारी करणं हेच त्या काळच्या सभ्य गृहस्थांना खटकणारं होतं. ईटनवाल्यांनी पहिला गोल केला, मॅथ्यूजने बरोबरी साधली, आणि जादा वेळेत जिमी कॉस्टलीने विजयी गोल मारला. कॉस्टली म्हणजे तोच सूत कातणारा. ईटोनियन्सचा एक खेळाडू जखमी होऊन बाहेर गेला होता, हेही नोंदवायला हवं. पण त्यानंतर उच्चभ्रू शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या एकाही संघाला हा चषक पुन्हा जिंकता आला नाही.

‘पूर्वी लोक खेळाच्या प्रेमाखातर खेळायचे, पैसा आत्ता आला’ हा समज तर फारच चिवट आहे. १८८०च्या आसपास लँकेशायरचे क्लब स्कॉटलंडमधून चांगले खेळाडू आणत, त्यांना नावापुरती नोकरी देत आणि गुपचूप पाकीट देत. १८८४मध्ये लँकेशायरच्याच प्रेस्टन क्लबविरुद्ध तशी तक्रार झाली. क्लबचे सर्वेसर्वा विल्यम सडेल स्वतः कापड गिरणीचे व्यवस्थापक. त्यांनी लपवाछपवी केली नाही, सरळ कबूल केलं. प्रेस्टन चषकाच्या स्पर्धेबाहेर गेलं. उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी संघटना काढायची धमकी दिली, तेव्हा जुलै १८८५मध्ये असोसिएशनला पगारी खेळाडू मान्य करावे लागले. हौशीपणाचा आग्रह धरणाऱ्यांकडे वडिलोपार्जित उत्पन्न होतं. खेळासाठी शनिवारचा खाडा केला तर विणकराची मजुरी बुडे, आणि तिची भरपाई मागण्यात लाजिरवाणं काहीच नव्हतं. १८८८मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली. तिच्या बारा क्लबांपैकी सहा लँकेशायरचे, सहा मिडलँड्सचे. लंडनचा एकही नाही. खेळाडू मात्र यातून श्रीमंत झाले नाहीत. १९०१मध्ये आठवड्याला कमाल चार पौंड अशी मर्यादा आली आणि वेतनमर्यादेची ही पद्धत १९६१पर्यंत टिकली.

क्लब मालकांनीच काढून दिले, हेही अर्धंच खरं. थेम्स आयर्नवर्क्सचा संघ, आजचा वेस्ट हॅम, मालकाच्या पुढाकाराने निघाला. पण ॲस्टन व्हिला आणि एव्हर्टन प्रार्थनामंदिरांच्या मंडळींतून आले, आणि १८८६मध्ये वुलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी आपसांत वर्गणी काढून जो संघ उभा केला तो आर्सेनल. त्यांच्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळलेले काही जण होते. त्यांनी जुन्या क्लबकडे मदत मागितली आणि तिकडून लाल शर्ट आले. तो लाल रंग आजही आहे. गोव्यात साळगावकर, धेंपो या खाणमालकांनी क्लब पोसले, तो इतिहास वेस्ट हॅमच्या जवळचा.

शेवटचा समज बायकांबद्दलचा: त्यांचा फुटबॉल अलीकडचा म्हणून प्रेक्षक कमी. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत आल्या. प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्यातल्या बायकांनी १९१७मध्ये संघ काढला. जखमी सैनिकांसाठी त्या सामने खेळून निधी जमवत. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले. वर्षही उलटलं नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी असोसिएशनने आपल्या क्लबांना बायकांच्या सामन्यांसाठी मैदानं द्यायला बंदी केली. हा खेळ बायकांना योग्य नाही असं कारण दिलं, आणि जमलेल्या निधीच्या विनियोगावरही शंका घेतली. प्रेक्षक कमी पडले म्हणून हा खेळ मागे पडला नाही, त्याची मैदानं काढून घेतली गेली. डिक, करच्या बायका नंतरही मिळेल त्या मैदानावर खेळत राहिल्या. त्यांचा संघ १९६५मध्ये थांबला, बंदी उठण्याच्या काही वर्षं आधी.