यंत्र झाकावे, पण कोंडू नये

आज आपण ताडपत्रीबद्दल बोलूया. तुम्ही म्हणाल, ताडपत्रीत शिकायचे काय? टाकली आणि बांधली! पण आता बऱ्याच गटांकडे स्वतःचे मळणी यंत्र, पॉवर टिलर, कुठे ट्रॅक्टरही आहे. गव्हाची मळणी आटोपली की मळणी यंत्र उभे राहते, ते थेट सोयाबीन निघेपर्यंत. मधला सगळा पावसाळा ते ताडपत्रीखाली असते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून ताडपत्री काढली त्या दिवशी यंत्र चालू झाले पाहिजे.

पाणी येते कुठून?

उन्हाळ्यात गार पाण्याचा तांब्या भरून ठेवा. थोड्या वेळाने त्याला बाहेरून थेंब धरतात. तांब्या गळत नसतो. हवेतली वाफ गार भांड्याला लागते आणि तिचे पाणी होते. ताडपत्रीखाली हेच घडते. खालची जमीन ओली असते. दिवसा ऊन पडले की तिची वाफ होते. प्लॅस्टिकमधून ती बाहेर जात नाही. रात्री पत्रा आणि लोखंड गार पडले की त्यावर थेंब जमतात. म्हणजे वरून एक थेंबही आत न जाता यंत्र आतून भिजते आणि गंजते.

युरोपात कॅराव्हॅन म्हणून चाकांवरची घरे असतात. आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असते. लोक उन्हाळ्यात ती घेऊन फिरतात आणि हिवाळाभर दारात उभी करतात. तिच्यासाठी खास अभ्रे मिळतात. चांगला अभ्रा साध्या प्लॅस्टिकचा नसतो. पाऊस अडेल, पण आतली वाफ बाहेर पडेल, अशा थरांच्या कापडाचा असतो. आपल्याला तो महागडा अभ्रा नको, पण त्यामागची युक्ती घ्यायला हरकत नाही.

झाकण्याआधी

यंत्रातला भुसा, माती, अडकलेले दाणे झाडून काढा. भुसा ओल धरतो आणि उंदरांना बोलावतो. उंदीर आले की वायरी कुरतडतात. खताचे यंत्र असेल तर धुतल्याशिवाय झाकूच नका, कारण खत हवेतले पाणी ओढते. धुतल्यावर उन्हात पूर्ण वाळवा. बेअरिंगला ग्रीस, उघड्या लोखंडाला तेलाचा हात द्या. डिझेलची टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीतही आतून थेंब धरतात. बॅटरीची वायर काढताना आधी वजा खुणेची काढा, जोडताना तीच शेवटी जोडा. इंजिन गार झाल्यावरच झाका, नाहीतर तापलेल्या सायलेन्सरला प्लॅस्टिक चिकटते.

ताडपत्री घेताना

दुकानदार जी.एस.एम. सांगतो. म्हणजे एक चौरस मीटर ताडपत्रीचे वजन किती ग्रॅम, ते. हे आपल्याला तपासता येते. १५ बाय १२ फुटांची ताडपत्री साधारण पावणेसतरा चौरस मीटर भरते. ती २५० जी.एस.एम.ची असेल तर वजन चार किलोच्या थोडे वर यायला हवे. काट्यावर तीनच किलो भरली, तर ती १८० जी.एस.एम.ची आहे असे समजा. पैसे देण्याआधी वजन करायला सांगा. त्यात संकोच नको. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून ऊन सोसणारी, म्हणजे यूव्ही प्रक्रिया केलेली आहे का, हेही विचारा. सुती कॅनव्हासमधून वाफ बाहेर पडते, पण तो ओला घडी करून ठेवला तर बुरशीने कुजतो.

बांधताना

यंत्र उंचवट्यावर, फळ्यांवर उभे करा. यंत्राच्या वर मधोमध आडवा बांबू बांधून त्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरती सोडा. मग पाणी साचत नाही आणि ताडपत्री यंत्राला चिकटत नाही. टोकदार कोपऱ्यांना जुने पोते गुंडाळा. खाली जमिनीपासून वीतभर जागा मोकळी ठेवा. वाऱ्याला आत यायला आणि वाफेला बाहेर जायला तीच वाट आहे. दोरी सैल राहिली तर ताडपत्री वाऱ्याने फडफडते, रंग घासते आणि स्वतःही फाटते. म्हणून कडेच्या प्रत्येक रिंगेतून दोरी घाला. दोरीला जुन्या ट्यूबची रबरी पट्टी जोडली तर ताण राहतो आणि रिंग उपटत नाही.

झाकल्यानंतर

पावसाने उघडीप दिली की ताडपत्री काढा, यंत्राला दोन-तीन तास वारा लागू द्या. आत हात फिरवून ओल, गंज, उंदराच्या लेंड्या बघा. वीत घालताना जपून, आडोशाला साप-विंचूही बसतात. आधी काठीने ठोका. आणि एक गोष्ट कधीही करू नका: ताडपत्रीखाली इंजिन चालू करू नका. त्याचा धूर कोंडला तर जीव जातो.

हे काम एकीवर पडले की राहून जाते. म्हणून पुढच्या मासिक सभेत दोघी-दोघींच्या पाळ्या लावा आणि यंत्राच्या वहीत लिहा: कोणत्या तारखेला उघडले, काय दिसले. दोन ओळी पुरेत. यंत्र सगळ्यांचे आहे, तर त्याच्यावरची नजरही सगळ्यांची असू द्या.