बाखच्या पानापुढची उपज

१७४७च्या मे महिन्यात पोट्सडॅमच्या राजवाड्यात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने संगीतकार योहान सेबास्टियन बाखपुढे एक चाल ठेवली आणि तिच्यावर तिथल्या तिथे फ्यूग (एकच चाल अनेक स्वरधारांत मागोमाग गुंफणारी रचना) बांधायला सांगितले. बाखने ती तीन स्वरधारांत गुंफून दाखवली. सहा धारांची मागणी झाली, तेव्हा त्याने त्यासाठी स्वतःची चाल निवडली. राजाच्या चालीवरचे सहा धारांचे काम घरी जाऊन लिहिले आणि त्याच वर्षी छापले. आपल्यापर्यंत पोचला तो हा छापील बाख. त्याच्या काळात आयत्या वेळी वाजवता येणे हे कळफलकावर बसणाऱ्याचे रोजचे काम होते. खर्जाच्या ओळीला आकडे जोडलेले असत, त्यांवरून वरचे स्वरमेळ वादकाने जागच्या जागी भरायचे. पुढे पियानोच्या मैफलीतून हे कसब ओसरत गेले. ऑर्गनवादकांनी ते टिकवले, जॅझने ते नव्याने घडवले.

म्हणूनच पियानोवादक डॅन टेप्फर बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ वाजवताना मध्ये स्वतःची उपज आणतो, तेव्हा मला ती बाखच्या घरची वाटते. टेप्फरचा जन्म १९८२चा, पॅरिसमधला, आईवडील अमेरिकन. एडिंबरा विद्यापीठात तो खगोलभौतिकी शिकला, मग बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत जॅझ. ली कोनिट्झ या थोर सॅक्सोफोनवादकाची त्याला दीर्घ साथ मिळाली.

१७४१ साली छापलेल्या ‘गोल्डबर्ग’मध्ये सुरुवातीला ३२ बारांची एक आरिया आहे, शेवटी तीच पुन्हा येते, आणि मधली ३० रूपे उभी राहतात ती तिच्या सुरावटीवर नव्हे, तर तिच्या खर्जाच्या चालीवर. प्रत्येक तिसरे रूप बहुधा कॅनन असते: एक धार निघते, दुसरी तीच चाल घेऊन मागून येते, आणि दोघींमधले अंतर दर कॅननला एका स्वराने वाढत नवव्यापर्यंत जाते. बंदिश तीच ठेवून दर वेळी नवी बढत करणाऱ्या ख्यालगायकाच्या श्रोत्याला ही शिस्त चटकन ओळखीची वाटेल.

टेप्फर बाखचे एक रूप लिहिल्याबरहुकूम वाजवतो आणि लगेच त्यावरची आपली उपज. पुन्हा बाख, पुन्हा टेप्फर. २०११च्या ध्वनिमुद्रणातही हाच क्रम आहे. यात लपायला जागाच नाही. जगातल्या अत्यंत रेखीव रचनांपैकी एक संपते आणि पुढच्याच क्षणी त्याच पियानोवर आपले म्हणणे मांडायचे! पंचविसावे रूप जी मायनरमधले, संथ आणि खोल दुःखाचे. त्याच्या पाठोपाठ तोंड उघडायला किती धैर्य लागत असेल!

याआधी फ्रान्सच्या झाक लूसिए या पियानोवादकाने १९५९पासून बास आणि ड्रम्स घेऊन बाखला झुलवले. ते कानाला गोड आहे, पण तिथे बाखच्या ओळीला जॅझचा ठेका जोडला जातो. जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटने १९८०च्या दशकात बाख ध्वनिमुद्रित केला तो स्वतःची भर न घालता. टेप्फरची वाट मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण तो बाखला धक्का लावत नाही आणि स्वतः गप्पही बसत नाही. २०२३मध्ये त्याने बाखच्या ‘इन्व्हेन्शन्स’ या छोट्या रचना घेतल्या. बाखने त्या २४ मेजर-मायनर स्वरांगांपैकी १५ स्वरांगांतच लिहिल्या. उरलेली ९ टेप्फरने उपजेने भरली.

बाखलाही ‘गोल्डबर्ग’चे काम संपलेले वाटत नव्हते, याचा पुरावा आहे. १९७०च्या दशकात स्ट्रासबुर्गमध्ये ‘गोल्डबर्ग’ची त्याची स्वतःची छापील प्रत सापडली. मागच्या पानावर, आरियाच्या खर्जातल्या पहिल्या आठ स्वरांवर, त्याने आणखी १४ कॅनन हाताने लिहिले होते.

मुंबई, पुणे, गोव्यात कितीतरी मुले दरवर्षी पियानोच्या परीक्षांसाठी बाखची एखादी रचना घोटतात. त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: परीक्षेचा तुकडा बसला की पुस्तक मिटायला सांगा आणि त्याच खर्जावर मुलाला स्वतःचे आठ बार वाजवू द्या.