आधी नक्कल, मग दुरुस्ती

मार्चअखेरीची रात्र होती. हळद-गुळाच्या एका अडत पेढीचे हिशेब दुकानातून घरी आले होते; दिवसा सौद्यांच्या धांदलीत नोंदी पुऱ्या होत नाहीत आणि घरचा संगणक रात्री निवांत मिळतो. धाकट्या मुलाने शेतकऱ्यांच्या पट्ट्या भरायला घेतल्या आणि हिशेबाचा प्रोग्रॅम आपोआप बंद झाला. पुन्हा उघडला, दहा मिनिटांत पुन्हा बंद. त्यानंतर इंटरनेटचा ब्राउझर मिटला, मग छायाचित्रे दाखवणारा प्रोग्रॅम. संगणक बंद करून सुरू केला तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या. डिस्कची तपासणी आवश्यक आहे, ती सुरू होत आहे, टाळायची असल्यास काही सेकंदांत कोणतीही कळ दाबावी, असा त्यांचा आशय होता.

थोरला भाऊ त्याच वेळी संगणक दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाशी फोनवर बोलत होता. पलीकडून घाईचा आवाज आला, "दादा, कळ दाबा. आधी ते थांबवा, मग बोलू."

शेजारी बसलेल्या अण्णांना नवल वाटले. "अरे, यंत्र आपण होऊन दुरुस्त होतंय, ते थांबवायचं कशाला?"

अण्णांचा प्रश्न रास्त होता, आणि ज्यांनी कीर्द-खतावणी हाताने लिहिली आहे त्यांना त्याचे उत्तर लवकर उमजते. हार्ड डिस्क ही वही मानली, तर कोणत्या पानावर कोणाचे खाते आहे हे सांगणारी एक अनुक्रमणिकाही त्याच वहीत असते. चेकडिस्क नावाची विंडोजमधील तपासणी मुख्यतः ही अनुक्रमणिका नीट लावते. एखादे पान कोणत्याच खात्याचे ठरत नसेल, तर ते उचलून वेगळ्या गठ्ठ्यात ठेवते. अशा तपासणीनंतर कित्येकांच्या संगणकावर 'फाउंड' नावाचे एक फोल्डर निघते आणि त्यात केवळ क्रमांक दिलेले, नावगाव हरवलेले तुकडे सापडतात. अनुक्रमणिका निर्दोष होते, परंतु कालपर्यंत उघडणारी हिशेबाची फाइल त्या तुकड्यांत विखुरलेली असू शकते. डिस्क पुन्हा सुसंगत करणे हे त्या तपासणीचे काम आहे; पेढीचा हिशेब वाचवण्याची जबाबदारी तिने घेतलेली नाही.

त्याहून गंभीर स्थिती म्हणजे अनुक्रमणिका ठीक, पण कागदच कुजलेला. डिस्कवरील माहिती सेक्टर नावाच्या लहान कप्प्यांत साठते. जुन्या डिस्कांत एका कप्प्यात ५१२ बाइट मावत, अलीकडच्या बहुतेक डिस्कांत ४०९६ मावतात. तबकडीचा पृष्ठभाग खराब झाला की तिथले कप्पे वाचता येईनासे होतात. अशा वेळी सखोल तपासणीचा हुकूम दिला, तर संगणक प्रत्येक कप्पा वाचून पाहतो, खराब कप्प्यावर पुनःपुन्हा प्रयत्न करतो आणि हे तासन्‌तास चालते. अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कचे उरलेले बळ या झटापटीत संपते, आणि तोवर एकही पान दुसरीकडे उतरवलेले नसते. वहीला वाळवी लागली असता कोणताही दिवाणजी आधी पान उतरवून घेईल, बांधणी मागाहून पाहील. संगणकापुढे बसल्यावर मात्र हा साधा विवेक सुटतो, कारण पडद्यावर 'दुरुस्त करू का?' एवढेच विचारलेले असते आणि 'हो' म्हणणे सोपे असते.

प्रोग्रॅम बंद पडण्याचे कारण डिस्कच असते असे नाही. एकच प्रोग्रॅम पुनःपुन्हा मिटत असेल, तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅममध्ये किंवा त्याच्या माहितीत असतो. आज हा, उद्या तो, असे निरनिराळे प्रोग्रॅम कोसळू लागले, तर नजर रॅम, डिस्क आणि वीजपुरवठा यांच्याकडे वळवावी. यांपैकी रॅमचा दोष सर्वांत फसवा. रॅम म्हणजे आकडेमोडीची पाटी. पाटीवरचा आकडा बिघडला, तर वहीत चुकीचाच आकडा उतरतो. म्हणजे डिस्क धडधाकट असूनही तिच्यावर दोष दिसू लागतात, आणि त्याच बिघडलेल्या पाटीवर हिशेब करून चेकडिस्क दुरुस्तीला बसली, तर चांगली पानेही वाकडी होतात. विंडोजमध्ये रॅम तपासण्याचे साधन असते, आणि मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवता येतो. रात्रभर चालू द्यावा. एकही चूक दाखवली, तरी ती रॅम बदलल्याशिवाय डिस्कच्या दुरुस्तीला हात लावू नये.

वीज अचानक गेल्यानेही असे प्रसंग येतात. नोंद जतन केली असे पडद्यावर दिसते, तरी ती क्षणभर रॅममध्येच थांबलेली असू शकते. विंडोजची एनटीएफएस ही रचना अनुक्रमणिकेतील बदल आधी एका कीर्दीत टिपून ठेवते, म्हणून वीज परत आल्यावर ती बहुधा सावरते. पण ती कीर्द अनुक्रमणिकेची आहे, फाइलमधील मजकुराची नव्हे. दुकानात यूपीएस आणि घरच्या संगणकाला मात्र थेट भिंतीतली वीज, ही काटकसर समजण्यापलीकडची आहे.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट असे नाव आहे आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने ती वाचता येते. त्यात तीन आकडे पाहावेत. पाचव्या क्रमांकाच्या ओळीत बदली दिलेले कप्पे, १९७ व्या ओळीत वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे कप्पे. हे आकडे शून्याहून वाढत चालले, तर डिस्कवर विसंबू नये. तिसरा आकडा १९९ व्या ओळीतला. तो वाढत असेल, तर डिस्क निर्दोष असून तिला जोडणारी केबल सैल किंवा सदोष असण्याचाच संभव अधिक. थोडक्या रुपयांची केबल बदलायची सोडून अख्खी डिस्क टाकून दिल्याचे प्रकार कमी नाहीत. गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध केली होती. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, दोष नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचे तिच्यात दिसले. मात्र त्याच पाहणीतील दुसरी गोष्ट विसरू नये. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी अशा चार ठळक खुणांपैकी एकही खूण आधी दाखवली नव्हती. स्मार्टची नोंद स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. एसएसडीच्या बाबतीत तर टकटक आवाजाचीही सूचना नसते. काल चालणारी एसएसडी आज संगणकाला दिसतच नाही, असे घडते.

त्या रात्री पेढीच्या घरी संगणक बंद ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावली आणि प्रथम विचारले, "काय सगळ्यात महत्त्वाचं?" घरातल्यांनी 'सगळंच' म्हटल्यावर त्याने मान हलवली. क्रम लावणे भाग होते. आधी चालू वर्षाच्या हिशेबाचे फोल्डर, मग मागील वर्षांची, मग कराची विवरणपत्रे व बिले, शेवटी छायाचित्रे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. 'डिस्क गेली' ही सबब तिथे कामाची नाही.

"बॅकअप आहे की," धाकटा म्हणाला, "डी ड्राइव्हवर रोज घेतो."

तो बॅकअप त्याच डिस्कवर होता. सी आणि डी ही एकाच वहीचे पाडलेले दोन भाग असतात, हे अनेक घरांत अजून ठाऊक नाही. दुसरी चूकही तितकीच सार्वत्रिक आहे. एकाच पेन ड्राइव्हवर रोज जुन्या नकलेवर नवी नक्कल चढवली जाते. फाइल गुपचूप बिघडली असेल, तर बिघडलेलीच चांगलीवर चढते. वाराप्रमाणे नावे दिलेल्या निरनिराळ्या नकला, त्यांतली एक घराबाहेर, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे, एवढे झाले तर पुष्कळ. न उघडून पाहिलेली नक्कल ही न मोजलेल्या थैलीसारखी.

चालू वर्षाचे फोल्डर सुखरूप उतरले. मागील वर्षातील दोन फाइली अर्ध्यावर अडकल्या. त्या न ओढता पुढे जायचे ठरले. कराची कागदपत्रे आली. छायाचित्रे सुरू झाली आणि तिसऱ्या तासाला डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली. दुरुस्ती करणाऱ्याने तत्काळ जोडणी काढली. डिस्क थंड होण्यासाठी फ्रीझरमध्ये ठेवावी, असा एक उपाय कोणीतरी सुचवला. तो त्याने हसून नाकारला, कारण बाहेर काढताच दव धरते आणि तबकडीपासून केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगणाऱ्या वाचकशीर्षाला ते पुरते घातक ठरते. त्या अवस्थेतील डिस्क उघडणे हे धूळरहित प्रयोगशाळेचे काम आहे आणि त्याचा खर्च नव्या संगणकाहून अधिक होऊ शकतो.

मागील वर्षाच्या दोन फाइली चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात सापडल्या. लेखापरीक्षणासाठी दिलेली नक्कल तिथे तशीच होती. आईच्या पंच्याहत्तरीची छायाचित्रे मात्र निम्मीच उतरली आहेत. ती डिस्क अण्णांनी कागदात गुंडाळून तिजोरीत, जुन्या खातेवह्यांशेजारी ठेवली आहे. प्रयोगशाळेकडे पाठवायची की नाही, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.