पगारी शत्रू

नॉर्थ्रॉपचे एफ-५ विमान आज कुठल्याही बड्या हवाई दलाच्या आघाडीवर नाही. दोन लहानशी जे-८५ इंजिने, जेमतेम साडेचौदा मीटर लांबी आणि ध्वनीच्या दीडपटीच्या आसपास वेग. तरीही अमेरिकी नौदलाने स्वित्झर्लंडने मोडीत काढलेली चाळीसहून अधिक एफ-५ विकत घेतली आणि पुढे आणखी बावीस घ्यायचे ठरवले. शेपटावर लाल तारा रंगवून ही विमाने आपल्याच वैमानिकांवर तुटून पडतात. सरावासाठी शत्रू व्हायचे, एवढेच त्यांचे काम. त्यांचा इतिहास नीट पाहिला तर असे दिसते की विमान शत्रूसारखे असण्यापेक्षा वैमानिक शत्रूसारखा लढणे जास्त महत्त्वाचे आहे.

ही गरज व्हिएतनाम युद्धाने दाखवून दिली. अमेरिकेच्या फँटम विमानांचे वैमानिक सराव करायचे तो दुसऱ्या फँटमशी, म्हणजे तितक्याच मोठ्या आणि तितकाच काळा धूर सोडणाऱ्या विमानाशी. प्रत्यक्षात समोर आली ती इवलीशी, चपळ सोव्हिएत मिग. नौदलाचे एक विमान पडले की बदल्यात शत्रूची जेमतेम दोन-तीन पडत. कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांच्या अहवालाने त्यावर बोट ठेवले आणि मार्च १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील मिरामारला ‘टॉपगन’ शाळा सुरू झाली. तिथे मिग-१७ ची भूमिका ए-४ स्कायहॉक करू लागले. १९७२ मध्ये नौदलाचे प्रमाण बारास एकच्या घरात गेले. क्षेपणास्त्रे सुधारली होती, जहाजांवरील रडारचे मार्गदर्शन चांगले झाले होते, मग श्रेय शाळेला कशाला, असा आक्षेप काही जण घेतात. तो सर्वस्वी खोटा नाही. पण त्याच आकाशात फँटमच उडवणारे अमेरिकी हवाई दल दोनास एकच्या आसपासच अडकून राहिले होते. त्या दलाने १९७२ मध्ये नेवाडातील नेलिस तळावर शत्रूची भूमिका करणारे स्वतःचे ‘ॲग्रेसर’ स्क्वाड्रन उभे केले आणि १९७५ पासून ‘रेड फ्लॅग’ हा मोठा सराव सुरू केला, यातच त्याचा निवाडा आला.

मग खरीखुरी मिगच का आणू नयेत? तेही झाले. ‘कॉन्स्टंट पेग’ या गुप्त मोहिमेत नेवाडातल्याच टोनोपाह तळावरून १९८८ पर्यंत मिग-१७, २१ आणि २३ उडवली गेली. खरे मिग शेजारी पाहून वैमानिक पहिल्यांदा थिजतो. ते थिजणे लढाईत नव्हे, सरावात उरकून घ्यायचे, हा मुख्य लाभ. किंमत मात्र जबर होती. सुट्या भागांची वानवा, माहितीपुस्तिका अपुऱ्या, आणि अपघातांत वैमानिक गेले. उलट, व्हिएतनाममध्ये हाती लागलेले एफ-५ सोव्हिएत संघाने मिग-२१ शी झुंजवून पाहिले, तेव्हा जवळच्या लढाईत एफ-५ च सरस ठरले. म्हणजे सरावात मिग-२१ ची भूमिका करणारी नक्कल अस्सलापेक्षा वरचढ! शिकवण्याच्या दृष्टीने ती तंतोतंत नसली तरी त्याने फारसे बिघडत नाही.

कारण खरे यंत्र म्हणजे कॉकपिटमध्ये बसलेला माणूस. ॲग्रेसर वैमानिक शत्रूच्या शिस्तीचा अभ्यास करतो: जमिनीवरच्या नियंत्रकावर कितपत विसंबायचे, कुठे वळायचे, कधी माघार घ्यायची. आपले कसब दाखवण्याचा मोह त्याला आवरावा लागतो. तालमीतला वस्ताद पोराशी जोड धरतो आणि पोराने डाव बरोबर टाकला तर पडतो, तसेच हे आहे; चुकल्यास मात्र सोडायचे नाही. मग जमिनीवर उतरून उड्डाणापेक्षा लांबलेली बैठक. कोण कुठे होता, कोणी कुणाला आधी पाहिले, याचा काटेकोर हिशेब तिथे होतो. शिक्षण होते ते या बैठकीत, असे म्हटले तरी चालेल.

अडचणी मात्र वाढत चालल्या आहेत. आजच्या लढतीत शत्रू डोळ्यांना दिसण्याआधीच क्षेपणास्त्र सुटते. स्टेल्थ विमानाचे सोंग एफ-५ ला कसे जमावे? म्हणून २०२२ मध्ये नेलिसचे ६५ वे स्क्वाड्रन एफ-३५ वर पुन्हा उभे राहिले. पण इतक्या महागड्या विमानाचे आयुष्य सोंगात झिजवणे परवडत नाही. याच भूमिकेसाठी बांधलेली एफ-१६ एन विमाने सततच्या कसरतींनी काही वर्षांतच तडकली होती. म्हणून कंत्राटी कंपन्या पुढे आल्या. फ्रान्सची जुनी मिराज एफ-१ आणि इस्रायलची जुनी एफ-१६ आता कंपन्यांच्या मालकीची आहेत. स्वस्त शत्रू मिळाला तरी तो शत्रूच्या चालीने लढतो की सवयीच्या, हा प्रश्न उरतोच. २००४ मध्ये ग्वाल्हेरच्या ‘कोप इंडिया’ सरावात अमेरिकी एफ-१५ ना भारतीय सुखोई आणि मिग-२१ बायसननी जेरीस आणले. अमेरिकेची संख्या कमी होती, लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंधने होती, ही सबब रास्तच. तरी ज्या मिगला ते जुनाट समजत होते, ते सुधारून आणि वेगळ्या चालीने समोर आले, हेही खरे.

ओझरच्या कारखान्यात बांधलेल्या त्या मिग-२१ च्या घराण्याला भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी निरोप दिला. त्यानंतर मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी सुमारे २९ उरली आहेत. डावपेच शिकवणारी ‘टॅक्डी’ संस्था १९७१ पासून काम करते आहे, पण आघाडीलाच विमाने अपुरी पडत असताना शत्रू होण्यासाठी ती बाजूला काढणे कठीणच. नव्या विमानांच्या खरेदीचे आकडे ठरतील तेव्हा या कामासाठी काही विमाने आणि काही चांगले वैमानिक आधीच राखून ठेवावेत.