सापेक्ष दुवे आणि पानांचे स्थलांतर

संकेतस्थळावरील पानात दुवा दोन प्रकारे लिहिता येतो. पूर्ण दुव्यात संपूर्ण पत्ता असतो. सापेक्ष दुव्यात केवळ वाट. पाठाच्या पानात ‘../चित्रे/नकाशा.जेपीजी’ असे लिहिले, तर दोन टिंबे ‘एक फोल्डर वर जा’ असे सांगतात. भाषेतील ‘इथे’, ‘शेजारी’ या शब्दांप्रमाणे त्यांचा अर्थ पानाच्या जागेवरून ठरतो. एकटे पान दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले की विद्यार्थ्याला पाठ दिसतो, नकाशा दिसत नाही.

प्रत्येक दुव्यापुढे सरसकट संकेतस्थळाचे नाव जोडणे हा उपाय नव्हे. पूर्ण दुवेही त्यामुळे बिघडतात. स्क्रिप्टचा क्रम असा असावा:

१. पानाचा जुना पत्ता घ्यावा. पानात ‘बेस’ टॅग असल्यास तोच आधार मानावा.
२. ‘एचरेफ’ व ‘एसआरसी’मधील दुवे वेचावेत. ‘#’ने सुरू होणारे दुवे त्याच पानातील असल्याने वगळावेत.
३. पायथनमधील ‘यूआरएलजॉइन’ने पूर्ण पत्ता काढावा. याचे नियम जानेवारी २००५ च्या ‘आरएफसी ३९८६’मध्ये आहेत.
४. सोबत हलवलेल्या फाइलींसाठी जुन्या-नव्या पत्त्यांचा तक्ता पाहून नवा पत्ता लिहावा.

फाइल यूटीएफ-८ मध्येच वाचावी व साठवावी. अन्यथा उर्दू आणि मराठी अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. मूळ प्रत राखून ठेवावी.

मात्र जुन्या पत्त्याची नोंद हरवली, तर स्क्रिप्टही अंदाजच करील. म्हणून स्थलांतरापूर्वी पत्त्यांची यादी करणे हे पहिले काम होय.